भोपाळचा विषारी कचरा अखेर जळाला, पण पीथमपूरच्या लोकांना कुणी विचारलं होतं का?

१ जानेवारी २०२५. नव्या वर्षाचा पहिलाच दिवस. रात्री नऊच्या सुमारास भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून १२ कंटेनर ट्रक बाहेर पडले. सोबत पोलिसांच्या गाड्या, अग्निशमन दल, रुग्णवाहिका. रस्त्यात कुठे थांबावं लागू नये म्हणून ग्रीन कॉरिडॉर. ट्रकमध्ये होता ३३७ टन विषारी कचरा. १९८४ च्या गॅस दुर्घटनेनंतर हा कारखाना बंद पडला, तेव्हापासून तो तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे ट्रक सुमारे २५० किलोमीटरवरच्या पीथमपूरला पोहोचले. पीथमपूर म्हणजे इंदूरजवळचं, धार जिल्ह्यातलं मोठं औद्योगिक शहर. तिथल्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रातल्या इन्सिनरेटरमध्ये, म्हणजे भस्मीकरण भट्टीत, हा कचरा जाळला जाणार होता.

४० वर्षांनी भोपाळमधून विष बाहेर पडलं, अशा बातम्या झळकल्या. पण ३ जानेवारीला पीथमपूर बंद होतं. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी लाठीमार केला आणि निदर्शनं सुरू असताना दोन आंदोलक गंभीर भाजले. अखेर राज्य सरकारने कचरा जाळण्याचं काम थांबवलं. मुख्यमंत्री मोहन यादव यांनी सांगितलं की, लोकांची भावना न्यायालयापुढे मांडू आणि न्यायालय सांगेल तसं करू.

सहा महिन्यांनी, जून २०२५ च्या अखेरीस, हा सगळा कचरा त्याच भट्टीत जाळून झाला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चाचण्यांमधलं उत्सर्जन मर्यादेत असल्याचं न्यायालयात सांगितलं. कागदोपत्री प्रकरण मिटलं.

पण एक प्रश्न उरतोच. घातक कचरा कुठे जाळायचा, हे ठरवताना तिथे राहणाऱ्यांना विचारण्याची काही व्यवस्था आपल्याकडे आहे का? असेल, तर पीथमपूरच्या लोकांच्या वाट्याला ती का आली नाही? महाराष्ट्रातही असा कचरा हाताळणारी केंद्रं आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

नेमका कचरा होता काय?

युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्यात सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनायचं. ते बनवताना मिथाइल आयसोसायनेट हा वायू लागायचा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तोच गळला आणि हजारो लोकांचा जीव गेला.

कारखाना बंद झाला, पण आतला माल तिथेच राहिला. पुढे तो गोळा करून एका शेडमध्ये ठेवण्यात आला. २०२५ मध्ये हलवलेल्या ३३७ टनांत साधारण १६२ टन दूषित माती, ९२ टन सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक आणि २९ टन रिॲक्टरमधले अवशेष होते.

अशा रसायनांचे रेणू खूप जास्त तापमानाला तुटतात, म्हणून ती जाळली जातात. इन्सिनरेटरच्या दुसऱ्या कक्षात तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतं आणि वायू तिथे किमान २ सेकंद राहावा लागतो. नंतर तो वायू झटकन थंड करून धुतात, गाळतात आणि मग चिमणीतून सोडतात.

यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे डायॉक्सिन. क्लोरीन असलेला कचरा नीट जळला नाही, किंवा वायू हळूहळू थंड झाला, तर ही अतिशय विषारी संयुगं तयार होतात. म्हणून त्यांची मर्यादाही फार कडक आहे. एका घनमीटर वायूत ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही दहावा हिस्सा. दुसरी अडचण जड धातूंची. पारा किंवा शिसं जळून नाहीसं होत नाही. ते धुरात जातं किंवा राखेत उरतं.

म्हणजे भट्टी चांगली आहे की वाईट, एवढ्यावर सगळं ठरत नाही. ती रोज कशी चालवली जाते, वीज गेली तर काय होतं, तपासणी कोण करतं आणि राख कुठे जाते, यावर बरंच काही अवलंबून असतं.

अंकलेश्वर, नागपूर, जर्मनी : कचऱ्याचा कागदोपत्री प्रवास

हा कचरा पीथमपूरला नेण्याआधी त्याच्यासाठी बऱ्याच जागा सुचवून झाल्या होत्या.

२००४ मध्ये भोपाळचे कार्यकर्ते आलोक प्रताप सिंह यांनी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. कारखान्याची जागा स्वच्छ करा, ही मागणी होती. त्यानंतर कचरा कुठे न्यायचा याचा शोध सुरू झाला.

आधी नाव आलं गुजरातमधल्या अंकलेश्वरचं. तिथे घातक कचऱ्याचा इन्सिनरेटर होता आणि गुजरात सरकार सुरुवातीला तयारही झालं होतं. पण स्थानिक विरोध वाढला आणि २००७ मध्ये सरकारने शब्द मागे घेतला.

मग विषय महाराष्ट्रात आला. २०११ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या डीआरडीओच्या इन्सिनरेटरमध्ये हा कचरा जाळायचा, असा प्रस्ताव पुढे आला. विदर्भात त्यावरून गदारोळ झाला. पर्यावरणावर काम करणारे लोक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. राज्य सरकार आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही हात वर केले. नागपूरचं नाव मागे पडलं.

२०१२ मध्ये तर कचरा थेट विमानाने जर्मनीला पाठवायचं ठरत होतं. जीआयझी या जर्मन सरकारी संस्थेशी बोलणी झाली, सुमारे २५ कोटी रुपयांचा खर्चही ठरला. पण तिकडेही विरोधाचा सूर उमटला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संस्थेने माघार घेतली.

उरलं पीथमपूर. तिथे २००८ मध्येच कारखान्यातला सुमारे ४० टन चुनामिश्रित गाळ नेऊन पुरण्यात आला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने १० टन कचरा तिथे चाचणी म्हणून जाळला गेला. म्हणजे पीथमपूरच्या लोकांसाठी हा विषय नवा नव्हता. कार्बाइडचा कचरा आपल्याकडे येऊ शकतो, हे त्यांना माहीत होतं आणि ते त्याला विरोधही करत होते.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट दिसते. अंकलेश्वर, नागपूर किंवा जर्मनीत भट्टी असुरक्षित असल्याचं कुठल्या खुल्या चौकशीत सिद्ध झालं आणि म्हणून नाव वगळलं, असं झालं नाही. नावं मागे पडली ती दबावामुळे. अंकलेश्वर आणि नागपूरच्या मागे त्यांची राज्य सरकारं उभी राहिली. पीथमपूरला तशी सोय नव्हती, कारण कचरा जिथून निघायचा आणि जिथे जायचा, ती दोन्ही ठिकाणं एकाच राज्यातली. लोकांना विचारण्याची नीट व्यवस्था नसली की ज्याचा आवाज वरपर्यंत पोहोचतो त्याचा परिसर वाचतो आणि ज्याचा पोहोचत नाही त्याच्याकडे कचरा येतो.

२०२४ मध्ये अचानक वेग का आला?

३ डिसेंबर २०२४. गॅस दुर्घटनेला ४० वर्षं पूर्ण झाली, त्याच दिवशी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सरकारला फटकारलं. इतके आदेश होऊनही कचरा जागेवरच कसा, असं विचारत न्यायालयाने तो चार आठवड्यांत हलवायला सांगितलं. पैशाची अडचण नव्हती, केंद्राने १२६ कोटी रुपये दिले होते.

न्यायालयाची चीड रास्त होती. पण चार आठवड्यांच्या या वेळापत्रकात पीथमपूरच्या लोकांशी बोलण्यासाठी एकही दिवस नव्हता. ट्रक गावात आले, लोक भडकले आणि मग प्रशासनाने संवाद सुरू केला. सभा झाल्या, पत्रकं वाटली, कचरा कसा सुरक्षितपणे जाळणार हे समजावून सांगण्यात आलं.

पुढचा क्रम असा राहिला. १८ फेब्रुवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने दहा-दहा टनांच्या तीन चाचण्यांना परवानगी दिली. पहिल्या चाचणीत ताशी १३५ किलो, दुसरीत १८० आणि तिसरीत २७० किलो कचरा जाळायचा, असं ठरलं. इंदूरच्या एका कार्यकर्त्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पीथमपूरच्या रहिवाशांना जोखमीबद्दल काहीच सांगितलेलं नाही, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. तज्ज्ञ संस्थांनी या प्रक्रियेवर मत दिलेलं आहे, असं म्हणत २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि म्हणणं उच्च न्यायालयात मांडायला सांगितलं.

चाचण्या झाल्या. २७ मार्चला उच्च न्यायालयाने उरलेला कचरा ताशी २७० किलो या वेगाने ७२ दिवसांत जाळायला परवानगी दिली. मे महिन्याच्या सुरुवातीला काम सुरू झालं आणि जूनअखेर संपलं.

म्हणजे न्यायालयं होती, शास्त्रज्ञ होते, आकडेही होते. लोकांच्या वाट्याला फक्त ऐकून घेण्याचं काम आलं.

मग कायद्यात लोकांना विचारण्याची तरतूद नाही का?

आहे. तिचं नाव जनसुनावणी.

२००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार (सगळे तिला ईआयए म्हणतात) घातक कचऱ्याचं सामाईक केंद्र उभारायला आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्यात इन्सिनरेटर असेल, तर प्रकल्प 'अ' गटात जातो आणि त्याची मंजुरी दिल्लीतून येते. त्याआधी जनसुनावणी घ्यायची असते. तिचे नियम साधारण असे आहेत.

- किमान ३० दिवस आधी सूचना द्यायची. ती एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापायची.
- ईआयए अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी अहवाल पाहायला मिळायला हवा.
- सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास घ्यायची. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी हवा.
- सगळ्या सुनावणीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं. लोकांचे मुद्दे लिहून ते तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे.

वाचायला हे छान वाटतं. पण यात चार मोठ्या फटी आहेत.

पहिली फट वेळेची. सुनावणी होते तोपर्यंत जागा ठरलेली असते, कंपनी ठरलेली असते, अहवालाचा मसुदा तयार असतो. दुसरी जागा का नको, भट्टीऐवजी वेगळा मार्ग आहे का, हे विचारायला तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी फट वजनाची. सुनावणीला किती लोक हवेत, याची किमान अट नाही. दहा लोक आले तरी ती वैध ठरते. हजार लोकांनी विरोध केला तरी प्रकल्प अडतोच असं नाही. आक्षेपांना कंपनीने उत्तर द्यायचं आणि तज्ज्ञ समितीने ते पाहायचं, एवढंच बंधन.

तिसरी फट पीथमपूरमध्ये दिसली. जनसुनावणी होते नव्या प्रकल्पासाठी किंवा विस्तारासाठी. भट्टी एकदा उभी राहिली, तिला परवाने मिळाले, की त्यात पुढे कोणता कचरा येणार यासाठी दर वेळी लोकांना विचारायची पद्धत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वाहतुकीची कागदपत्रं आहेत, प्रदूषण मंडळाचं प्राधिकारपत्र आहे, पण लोकांची सुनावणी नाही. त्यामुळे देशातला सगळ्यात कुप्रसिद्ध कचरा गावाशेजारी येतो आणि कायद्याच्या दृष्टीने ते जुन्याच केंद्राचं एक काम असतं.

चौथी फट महाराष्ट्राच्या जास्त जवळची आहे.

एमआयडीसीतल्या भट्टीचं काय?

ईआयए अधिसूचनेत काही प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. मंजूर औद्योगिक वसाहतीतले प्रकल्प त्यात येतात. वसाहतीला मंजुरी देताना परिणामांचा विचार झालेलाच असतो, मग प्रत्येक कारखान्यासाठी पुन्हा सुनावणी कशाला, असा त्यामागचा तर्क. कोणत्या वसाहतींना ही सूट लागू होते, यावरून अनेकदा वादही झाले आहेत.

महाराष्ट्रात घातक कचऱ्याची सामाईक केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. ही सगळी औद्योगिक पट्ट्यातली ठिकाणं. औषध कंपन्या, रंग कारखाने, गाड्यांचे सुटे भाग बनवणारे उद्योग यांचा कचरा अशा केंद्रांत जातो. तो तिथे गेला नाही, तर रात्री-अपरात्री टँकरने नाल्यात किंवा नदीत सोडला जातो, हेही आपण पाहिलेलं आहे. त्यामुळे अशी केंद्रं हवीत, यात शंका नाही.

पण एमआयडीसीची हद्द कागदावर असते, धुराला ती दिसत नाही. वसाहत वसली तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आज तळोजाच्या शेजारी नव्या मुंबईच्या टोलेजंग इमारती आहेत. वसाहतीला मंजुरी मिळाली तेव्हा जे तिथे राहतच नव्हते, त्यांचं मत कुठल्या कागदात सापडणार?

याच अधिसूचनेची जागा घेण्यासाठी २०२० मध्ये नवा मसुदा आला, तेव्हा सूचनेचा काळ ३० वरून २० दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता. तो मसुदाही आधी फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. जून २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत उपलब्ध करायला सांगितलं. मराठी माणसाने मत द्यावं, पण मसुदा मराठीत नसावा, अशी ही परिस्थिती होती.

'यातलं लोकांना काय कळतं?'

हा आक्षेप नेहमी येतो. डायॉक्सिन, नॅनोग्रॅम, ११०० अंश. हे तज्ज्ञांचं काम, गावातला माणूस यात काय सांगणार?

भट्टीचं तापमान किती असावं, हे गाव ठरवू शकत नाही, हे खरंच. पण पीथमपूरमध्ये लोक जे विचारत होते ते फार व्यवहारी होतं. केंद्राला लागून तारापूर गाव आहे, तिथल्या विहिरींचं पाणी कोण तपासणार? आजार झाला तर आधीची आरोग्य तपासणी कुठे आहे, म्हणजे तुलना कशाशी करणार? पाणी झिरपून इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागर तलावापर्यंत गेलं तर? राख कुठे पुरणार?

यातला शेवटचा प्रश्न किती नेमका होता, हे नंतर दिसलं. जाळताना चुना आणि इतर पदार्थ मिसळावे लागतात. त्यामुळे ३३७ टन कचरा जाळल्यावर आठशे टनांहून अधिक राख आणि अवशेष उरले. कचऱ्याच्या दुपटीहून जास्त. ही राख कुठे आणि कशी पुरायची, यावर कचरा जळून गेल्यावरही उच्च न्यायालयात सुनावण्या सुरू राहिल्या.

वारा रात्री कोणत्या दिशेने वाहतो, वीज किती वेळा जाते, पावसाळ्यात केंद्रातलं पाणी कुठल्या ओढ्याला मिळतं, हे दिल्लीतल्या समितीपेक्षा शेजारच्या शेतकऱ्याला जास्त माहीत असतं. तज्ज्ञ सरासरी काढतात. शेजारच्या माणसाने सरासरीतून निसटलेले दिवस पाहिलेले असतात.

आणि विश्वासाचं गणित वेगळंच असतं. जानेवारीत प्रशासनाने दिलेली माहिती चुकीची होती असं नाही. पण ट्रक दारात उभे असताना सांगितलेली माहिती लोकांना समजूत काढल्यासारखी वाटते. तेच आकडे वर्षभर आधी, हो किंवा नाही म्हणायची संधी असताना मांडले असते, तर त्यांचं वजन वेगळं असतं.

आधी विचारून केलं तर काय होतं? कॅनडाचा अनुभव

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतालाही घातक कचऱ्यासाठी केंद्र उभारायचं होतं. सरकारने थेट जागा जाहीर केली नाही. प्रांतभर सभा घेतल्या, माहिती दिली आणि ज्या गावांना केंद्र हवं असेल त्यांनी पुढे यावं, असं सांगितलं. ज्यांना नको होतं त्यांना यादीतून वगळलं.

स्वान हिल्स नावाचं छोटं गाव पुढे आलं. तेलाच्या धंद्यावर जगणाऱ्या या गावाला दुसरा रोजगार हवा होता. १९८४ मध्ये तिथे मतदान झालं आणि ७९ टक्के लोकांनी केंद्राच्या बाजूने कौल दिला. १९८७ मध्ये केंद्र सुरू झालं. लाठीमार नाही, बंद नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये केंद्रातल्या बिघाडामुळे पीसीबी आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडली. परिसरातले वन्य प्राणी आणि मासे किती खावेत, यावर आरोग्य खात्याला मर्यादा सांगाव्या लागल्या. याचा सगळ्यात मोठा फटका बसला आसपासच्या आदिवासी समुदायांना. शिकार आणि मासेमारी हा त्यांच्या जगण्याचा भाग. मतदान मात्र झालं होतं गावाच्या हद्दीत.

या अनुभवातून दोन गोष्टी कळतात. आधी विचारलं, नाही म्हणायचा खरा हक्क दिला, तर घातक कचऱ्याच्या केंद्रालाही लोक हो म्हणू शकतात. आणि 'लोक' म्हणजे कोण, हे चुकलं, तर उत्तम प्रक्रियाही अपुरी पडते. तारापूरला विचारायचं की पीथमपूरला की ज्याच्या तलावाची चर्चा झाली त्या इंदूरला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

मग भोपाळच्या लोकांनी काय करायचं होतं?

पीथमपूरची बाजू घेताना भोपाळ विसरून चालणार नाही. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत भूजल दूषित झालं आणि तिथले लोक वर्षानुवर्षं त्याचे परिणाम सोसत आले. त्यांनाही कचरा शेजारी ठेवायचा का, असं कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येक गावाने नाही म्हणत राहायचं, तर कचरा जिथे सगळ्यात गरीब लोक आहेत तिथेच पडून राहतो. भोपाळमध्ये ४० वर्षं तेच झालं.

म्हणून लोकसहभाग म्हणजे फक्त नकाराचा अधिकार नव्हे. त्यात दोन्हीकडच्या लोकांना एकाच टेबलावर बसवून सगळे पर्याय मांडणं येतं. कचरा ज्या कंपनीने केला तिच्याकडून तो परदेशात नेऊन घेता येईल का? गॅसपीडितांच्या संघटनांची ही जुनी मागणी होती आणि ती अशक्य नव्हती. तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातला पारायुक्त कचरा २००३ मध्ये अमेरिकेला पाठवण्यात आला होता. तो होता सुमारे २८९ टन, म्हणजे भोपाळच्या कचऱ्याच्या जवळपास.

युरोपातल्या देशांनी १९९८ मध्ये डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात एक करार केला. पर्यावरणाच्या निर्णयात लोकांना सुरुवातीलाच, सगळे पर्याय खुले असताना सामील करावं, असं तो सांगतो. भारत या करारात नाही. पण हे तत्त्व आपल्या नियमांत आणायला कुणाची आडकाठी नाही. जागा ठरण्याआधी पहिली सुनावणी, जुन्या भट्टीत वेगळ्या स्वरूपाचा कचरा येणार असेल तर नवी सुनावणी, आधी आरोग्य आणि पाण्याची तपासणी आणि नंतर लोकांच्या प्रतिनिधींना भट्टीचे रोजचे आकडे पाहायची मुभा. यातलं काहीही विज्ञानाच्या आड येत नाही.

तुमच्या भागात असा प्रकल्प येत असेल तर?

सध्याचा कायदा अपुरा असला तरी त्यात जे आहे ते वापरता येतं.

- जनसुनावणीच्या सूचना आणि ईआयए सारांश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मंजुरीचे अर्ज केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर असतात.
- सुनावणीला जाता आलं नाही तरी लेखी आक्षेप पाठवता येतो. त्याची पोच घ्या.
- 'आमचा विरोध आहे' एवढंच न लिहिता नेमके प्रश्न लिहा. कोणता कचरा, किती, कुठून येणार? डायॉक्सिनची तपासणी वर्षातून किती वेळा आणि कोण करणार? राख कुठे जाणार? बिघाड झाला तर गावाला कोण, किती वेळात कळवणार? इतिवृत्तात आलेल्या नेमक्या प्रश्नाला कंपनीला उत्तर द्यावं लागतं.
- मंजुरी चुकीची वाटली तर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येतं. उशिराचं योग्य कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे.

भोपाळमधून गेलेला ३३७ टन कचरा हा शेडमध्ये बांधून ठेवलेला भाग होता. कारखान्याच्या जमिनीत मुरलेल्या विषाचा हिशेब वेगळाच आहे. नीरी आणि एनजीआरआय या संस्थांनी २०१० मध्ये तिथे सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज दिला होता. ती साफ करायची वेळ येईल, तेव्हा 'कुठे' हा प्रश्न पुन्हा येणार आहे. त्या वेळी कुठल्या तरी गावाला हे उत्तर ट्रकच्या आवाजावरून कळू नये, एवढी तयारी आतापासून करता येईल.